सात किलो

फेटियाची नाडी तिसऱ्यांदा आवळली, तरी तो आरशांचा जड घागरा संगीताच्या कमरेवर ठरेना. शेवटी लालीबाईने दोरी आणली आणि कापसाचे बोचके बांधावे तशी सुनेची कंबर बांधली.

"याडी, दम कोंडून राह्यला माहा," सून सासूला म्हणाली.

"कोंडू दे. काट्यावरून उतरली की घे."

कापसाने दगा दिल्याचे ते तिसरे साल. त्या दिवसांत तांड्यावर पाहणीच्या गाड्या फार येत. कोणी शेताचे माप घेई, कोणी पिकाचे. बायांचे माप घ्यायला मात्र दारव्ह्याची अतिया सिस्टर आज येणार होती. उंचीच्या मानाने कोणाचे वजन किती, ते अंगणवाडीत सर्वांदेखत वाचून दाखवणार होती. आणि आठच दिवसांपूर्वी शेजारची रामीबाई हापशीवर म्हणाली होती, "लालीच्या घरी सून नाही, कापसाची वाळकी पऱ्हाटी हाय. जेवू घालते का नाही, कोण जाणे!" आता तेच सरकारी कागदावर चढले असते, तर लालीबाईला तांड्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

वजन वाढवायला लोक कापसावर पाणी मारतात, हे तिला ठाऊक होते. सुनेवर पाणी मारून भागणार नव्हते. म्हणून तिने अंगावरचा जन्माचा साज उतरवला आणि सुनेवर चढवला: फेटिया, कवड्यांची कांचळी, गळ्यातली हासली, नाण्यांच्या माळा, पायांतली कडी. केसांतली घुगरी तेवढी ठेवली. नवरा जिवंत असताना ती काढत नाहीत. स्वतः सुनेची जुनी साडी गुंडाळली आणि खणखणत्या सुनेला पुढे घालून निघाली. मागून तिचा नवरा भीमसिंग आला आणि अंगणवाडीच्या उंबऱ्यावर सावलीला बसला. तशा सालांतही त्याने आपले पोट नीट राखले होते.

अतियाने संगीताला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळले. ओठ घट्ट मिटले आणि काटा वाचला.

"चव्वेचाळीस किलो. उंची दीडशे सेंटिमीटर. आकडा आला साडेएकोणीस. साडेअठरा ते तेवीस म्हणजे बरोबर."

लालीबाईने रामीबाईकडे असे पाहिले, की तिने पदर उगाच सारखा केला.

"आता तुम्ही या, मावशी."

"मले कायले? मी धडधाकट हाय."

"सगळ्याच बायांचं करायचं हाय."

लालीबाई काट्यावर चढली. अतियाने आकडा पाहिला. मग वहीची मागची पाने उलटली. गेल्या साली वजने घेणारी सिस्टर दुसरी होती.

"मागच्या वर्षी पंचेचाळीस. आज अडतीस." अतियाने चेहरा गंभीर केला. "उंची दोघींची सारखीच. म्हणजे तुमचा आकडा सतराच्याही खाली. एका वर्षात सात किलो! आजच्या आज यवतमाळले चला, मावशी. रक्त तपासू, थुंकी तपासू. तोवर खाट वेगळी, ताट वेगळं."

"सून भरली अन् सासू झिजली," रामीबाईला पुन्हा वाचा फुटली. "काहून वं संगीता, जेवू घालत नाही का सासूले?"

सगळ्या बायांच्या नजरा संगीताकडे वळल्या. ती साजाच्या ओझ्याखाली मान घालून उभी होती. दोरी काचत होती, आणि आता डोळेही भरले होते. लालीबाईने एकदा सुनेकडे पाहिले, एकदा बाहेर उभ्या सिस्टरच्या जीपकडे.

"तिले काही बोलायचं काम नाही," ती कडाडली. "कुठं गेले नाहीत ते सात किलो. ते पाहा, सून घालून उभी हाय."

अंगणवाडीचे पत्रे हलतील इतक्या मोठ्याने बाया हसल्या. अतियाही हसली; ते हसू तिने मघापासूनच दाबून धरले होते. साज उतरला. संगीताने छाती भरून श्वास घेतला आणि ती पुन्हा काट्यावर चढली. काटा सदतीसवर थांबला.

"म्हणजे तुमचं मागच्या वर्षीचं वजनही साजाचंच होतं, मावशी. दोघीही कमीच." अतियाने पेन उचलले. "खरं सांगा, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवते?"

"मी," लालीबाई म्हणाली.

"मी," त्याच क्षणी संगीता म्हणाली.

"खोटं नको बोलू. माह्या वाटची एक भाकर मी रोज तुह्यासाठी झाकून ठेवते."

"मले वाटे, ती तुमचीच हाय, याडी. म्हणून मी हातच लावत नाही."

अतियाचे पेन थांबले. "मग सकाळी ती भाकर जाते कुठं?"

सासूसुनांनी एकदमच दाराकडे पाहिले. उंबऱ्यावर बसलेल्या भीमसिंगने पोटावरचा हात हळूच काढून घेतला.