आज काय टाकलंस?

घराची ड्रेनेजची मोठी लाइन सारखी तुंबायची, बाथरूममध्ये घाण पाणी उलटायचं आणि सगळ्यांच्या नजरा आईकडे वळायच्या. आईला हल्ली काही आठवत नसे. एकदा तिने संडासात रुमाल टाकला होता खरा. तेव्हापासून लाइन तुंबली की मुलगा विचारायचा, "आई, आज काय टाकलंस?"

आई ओशाळून म्हणायची, "टाकलं असेल रे मीच."

शेवटी बायकोने हात टेकले आणि त्याने आईला वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

ती गेल्यावर काही दिवसांतच लाइन पुन्हा तुंबली. या वेळी प्लंबरने अंगण खणून पाइप फोडला, तर आतून केसांच्या गुंत्यासारखी मुळं निघाली.

"कुंपणापलीकडच्या झाडाची आहेत," प्लंबर म्हणाला. "तड्यातून शिरलीत. चांगली जुनी आहेत. वरवर साफ केलं की पुन्हा वाढतात."

मुलगा चिखलाच्या पायांनीच आईला आणायला निघाला.

आई खिडकीपाशी बसली होती. पार वाळून गेली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या.

"बरं झालं आलात," तिथली बाई म्हणाली. "पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत हो. किती विनवायचं?"

त्याने पेला आईच्या तोंडाशी नेला. तिने त्याचा हात हळूच बाजूला सारला आणि कुजबुजली, "नको रे. मग संडासला जावं लागतं. इथलंही तुंबलं, तर मला कुठे नेऊन ठेवशील?"