दुसरी सुई

कसाबखेड्याच्या फाट्यावर रूपालीनं स्कूटी उभी केली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पायाशी लशीचा डबा होता. हॉटेलवाल्या तात्यासाहेबांना तिनं विचारलं, मेंढ्यांचा कळप कुठं उतरलाय? परवा इथंच होता, ते म्हणाले, काल लासूरकडं सरकला.

हे तिसरं गाव. प्रत्येक गावात तेच उत्तर, होता, पुढं सरकला.

रूपाली खुलताबादजवळच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नर्स होती. गुरुवारी सारजाबाई तिथं आली होती. साठीतली धनगराची बाई, पिंढरीला कुत्रं चावलेलं. रूपालीनं जखम साबणानं धुतली, पहिली सुई टोचली आणि बजावलं, की रविवारी दुसरी घ्यायचीच.  सारजाबाई लुगडं सारखं करून निघून गेली. तिनं दिलेला नंबर लागत नव्हता.

आज रविवार. सकाळीच निरोप आला, की ते कुत्रं लाळ गाळत, दिसेल त्याच्या अंगावर जात मेलं.  नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक माणूस एका सुईवर निघून गेला होता. महिन्यानं त्याला घेऊन आले, तेव्हा तो पाण्याचा पेला बघून भिंतीला चिकटत होता. दोन दिवसांत गेला. आठ वाजेपर्यंत तिनं कशीबशी वाट पाहिली. फिरस्ती माणसं मागं वळत नाहीत, असं सगळेच म्हणत. बसून राहिलं तर कळप आणखी पुढं जाईल. तिनं डब्यात बर्फ भरला, दवाखान्याला कुलूप लावलं आणि निघाली.

लासूरच्या अलीकडं मनकर्णाबाई नावाची शेतकरीण कांदा निंदत होती. रात्री मेंढ्या तिच्याच रानात बसल्या होत्या. उजाडल्यावर शिवना नदीकडं गेल्या, तिनं हात करून दाखवलं. पुढं रस्ता संपला, नुसती गाडीवाट उरली. दोनदा स्कूटी घसरली. डबा मात्र रूपालीनं पडू दिला नाही.

नदीकाठी मेंढ्या दिसल्या. कुत्री भुंकत अंगावर आली. सारजाबाईचे यजमान, मल्हारराव, काठी टेकत पुढं आले. त्यांनी कुत्र्यांना हाकललं. रूपालीनं धापा टाकत विचारलं, सारजाबाई कुठं आहेत?

"ती तर पहाटंच तुमच्याकडं निघाली," मल्हारराव म्हणाले. "आज सुईचा दिस हाय न्हवं?"

 तिला वाटेत कुणीच भेटलं नव्हतं. मल्हाररावांनी सांगितलं, की ती सडकेनं गेलीच नाही, बांधाबांधानं, आडवाटेनं गेली.

म्हणजे सारजाबाई आता दवाखान्यापुढं पोचली असणार. दाराला कुलूप. रविवार म्हटल्यावर लोक तिला सांगणार, उद्या ये. ती दुसऱ्याच वाटेनं माघारी फिरली, तर चुकामूक होणार आणि कळप तोवर कुठल्या कुठं गेलेला असणार. रूपालीनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. बर्फ अर्ध्यावर आला होता. तिनं स्कूटी वळवली. ज्या गावांतून आली त्याच गावांतून, कुठंही न थांबता, ती परत निघाली. सडकेवर दिसणाऱ्या प्रत्येक लुगड्याकडं ती निरखून बघत होती. एकही सारजाबाईचं नव्हतं.

तीनच्या सुमाराला ती दवाखान्यापाशी पोचली.

सारजाबाई पायरीवर बसली होती. वहाणा बाजूला काढलेल्या, पाय धुळीनं पांढरे, चावलेली पिंढरी सुजलेली. ऊन पायरीवर आलं होतं तरी ती सावलीला सरकली नव्हती.

रूपालीनं कुलूप काढलं. तिनं विचारलं, इतका वेळ उन्हात का बसलात, माघारी का गेला नाहीत?

"लोकं म्हनले, बाई गेली गावाला, तू बी जा," सारजाबाई म्हणाली. "पर म्या वळखलं, तुमी मलाच हुडकाया गेल्या असनार. मी जागची हलले असते, तर तुमी मला आनिक कुठंकुठं हुडकलं असतं?"