ग्राहकाची व्याख्या

प्राचार्य भगवंतरावांनी अर्ज टेबलावरून देवश्रीकडे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"वाचा मॅडम. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी दिला आहे."

'मार्केटिंगच्या मॅडम नोट्स देत नाहीत. गट पाडून चर्चा करायला लावतात, बाजारात पाठवतात, दुकानदारांशी बोलायला सांगतात. त्यामुळे हिवाळी परीक्षेत अठ्ठावन्नपैकी सदतीस विद्यार्थी या विषयात नापास झाले. तरी मॅडमनी पूर्वीप्रमाणे नोट्स सांगाव्यात, ही नम्र विनंती.' खाली सह्या. अक्षर तिने पहिल्याच ओळीत ओळखलं होतं. कुंदनचं.

अर्जाला एक झेरॉक्स टाचली होती. कुंदनचीच उत्तरपत्रिका, विद्यापीठातून मागवलेली. प्रश्न होता, 'ग्राहक म्हणजे कोण? व्याख्या देऊन स्पष्ट करा.' कुंदनने दीड पान लिहिलं होतं. त्याची आई बेबीताई भातकुलीच्या बाजारात भाजी विकते. तिच्याजवळ महिनाभर बसून त्याने जे पाहिलं, ते. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आधी हुंगून बघणारी बाई सहसा भाव करत नाही. जी घासाघीस करते, ती चार दुकानं फिरून दमलेली असते. तिला आधी बसायला पोतं द्यावं, भावाचं मग बोलावं. समासात तपासणाऱ्याने लाल शाईत विचारलं होतं, 'व्याख्या?' दहापैकी एक गुण.

देवश्रीने ते पान दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंय सर त्यानं."

"मी कुठं वाईट म्हणून राहिलो? त्या वर्कशॉपला तुम्हाला मीच पाठवलं. कृतीतून शिकवा, प्रकल्प द्या, सगळं कबूल. पण पेपर तं जुनाच येते ना."

"पेपर बदला म्हणून कळवता येईल आपल्याला."

"कोणाले कळवू?" भगवंतरावांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जूनमध्ये तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीसाठी तुमचं नाव संस्थेकडे पाठवायचं आहे. आठ वर्षं पाठवून राहिलो. सदतीस पोरं नापास म्हटल्यावर ते मले विचारतीन. मी काय सांगू, तेवढं सांगा."

तिने अर्ज घडी करून त्यांच्यासमोर ठेवला. "आजपासून नोट्स देते," ती म्हणाली आणि उठली.

वर्गात शिरली तर बाकं सरळ रांगेत होती. जुलैपासून तिने ती गोलात लावून घेतली होती. आज पोरांनी आपणहूनच जागच्या जागी नेऊन ठेवली होती. कुणी तिच्याकडे नीट बघत नव्हतं.

"वह्या काढा."

अठ्ठावन्न वह्या उघडल्या. तिने फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि सांगायला सुरुवात केली. "वैयक्तिक उपभोगासाठी, वस्तू किंवा सेवा, मूल्य देऊन खरेदी करणारी व्यक्ती, म्हणजे ग्राहक होय. पूर्णविराम."

"मॅडम, 'सेवा'च्या पुढचं परत सांगा ना," दीपमाला म्हणाली. शेंदूरजनाघाटची ही पोरगी एरवी संत्र्याच्या पेटीवर काय छापावं यावरून सगळ्या गटाशी तासभर भांडायची. आज मान खाली घालून तिने एवढंच विचारलं.

देवश्रीने परत सांगितलं. मग ग्राहकाची वैशिष्ट्यं, एक ते सात. मग महत्त्व, एक ते पाच. इतका शांत वर्ग तिने वर्षभरात पाहिला नव्हता. अकोल्याहून गाडी पकडायला ती पहाटे साडेचारला उठली होती, आणि आता तिच्या लक्षात आलं की हे सांगताना तिला काही विचार करावा लागत नव्हता. आवाज आपला आपण चालला होता. कुणी अडवत नव्हतं, कुणी शंका काढत नव्हतं. तिला बरं वाटत होतं, आणि तेच तिला सहन होईना.

तास संपला. पोरं वह्या मिटून निघाली. जाता जाता दोघातिघांनी "थँक्यू मॅडम" म्हटलं. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कुंदन मागे थांबला.

"मॅडम, अर्ज म्या लिहिला."

"ओळखलं मी."

"तुमी शिकोलं ते चुकीचं नोतं. पन मले पास तं व्हाच लागते. वर्ष गेलं का बाबा कॉलेज बंद करतीन माह्यं."

"बरोबर केलंस तू," ती म्हणाली. ते तिला खरंच तसं वाटत होतं की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही. ती फळा पुसायला वळली.

कुंदन गेला नाही.

"तुमी बाजारात येऊन गेल्या ना, तवापासून माय रोज इचारते. आज मॅडमनं काय शिकोलं म्हून. म्या सांगतो. मंग तिचंबी सांगते, अशी बाई आली, तशी बाई आली. भाजी निवडता निवडता." तो थांबला. "आज काय सांगू?"

देवश्रीने फळ्यावरचं शीर्षक पुसलं.

"सांग, मॅडमनी ग्राहक म्हणजे कोण, ते लिहून दिलं."

कुंदनने मान वर केली.

"ग्राहक म्हंजे कोन, हे तिले सांगू?"