सरांचं सूत्र

भिवंडीच्या कॉलेजात भरलेल्या परिषदेत अब्दुर्रहमान सरांच्या प्रवाहशास्त्रातल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा गौरव चालला होता. शेवटी त्यांची विद्यार्थिनी मदीहा बोलायला उभी राहिली. बोलता बोलता तिने एक स्लाइड घाईने पुढे ढकलली.

"ती मागे घे," पहिल्या रांगेतून सर म्हणाले.

"सर, आज नको."

"आजच. दाखव, बेटा."

तिने स्लाइड मागे घेतली. खवळलेल्या प्रवाहाला सरांचं गाजलेलं सूत्र लागू पडत नाही, हे तिने प्रयोगाने सिद्ध केलं होतं. सर उठून पडद्याजवळ गेले, ओळ न् ओळ वाचली आणि लोकांकडे वळले.

"सूत्र माझं आहे," ते ताठ मानेने म्हणाले, "आणि ते खोडणारीही माझीच आहे."