उलटा परण्या

बद्रीनाथमामांनी गिअरचा दांडा वर केला, खाली केला, आत दाबला, बाहेर ओढला. गाडी प्रत्येक वेळी मागेच गेली.

मागून चालणाऱ्या बायका दर वेळी किंचाळून पांगल्या. हर्सूलच्या मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेवाचा परण्या, म्हणजे मांडवाकडे जायची वरात, नुकताच निघाला होता. बँड वाजत होता, पोरं घामाघूम होऊन नाचत होती, मांडव दोन गल्ल्यांवर होता. मामांच्या शेजारी बसलेला नवरदेव, म्हणजे त्यांचा भाचा गोकुळ, फेटा सावरत घड्याळाकडे बघत होता.

गाडी मामांची. जुनी अँबेसिडर, हँड गिअरची. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढे सपाट सीट, तिघं आरामात मावतात. मामा पाटबंधारे खात्यात कारकून, पण मनाने मेकॅनिक. भाच्याचा परण्या आपल्याच गाडीतून निघणार, हा त्यांचा हट्ट. बहीण सारजाबाई म्हणाली होती, “दादा, साधी भाड्याची गाडी करू. त्या डबड्याचा काय भरवसा?” त्यावर मामा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

त्यांनी बॉनेट उघडलं. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळयांच्या जोडातले बुश पार झिजले होते. नवे मिळेनात म्हणून मामांनी आदल्या दिवशी जुन्या चपलेचं रबर कापून बसवलं होतं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जादा चहा घेतला होता. इंजिन तापलं तसं ते रबर मऊ पडून निसटलं. सळई सुटली आणि गिअरबॉक्स रिव्हर्समध्ये रुतून बसला.

मुहूर्त काही थांबणार नव्हता. भाचा ढकलगाडीतून आला, असं नवरीकडच्यांनी म्हणणं मामांना मरणाहून वाईट वाटलं असतं. त्यांनी क्लच दाबून धरला, पोरांनी ढकलून गाडी जागच्या जागी फिरवली, आणि परण्या मांडवाकडे डिकीच्या बाजूने निघाला.

एरवी बायका गाडीच्या मागून धूर खात चालतात. आज धूर बँडवाल्यांच्या नाकात जात होता आणि बायका होत्या थेट काचेसमोर. सारजाबाई सगळ्या रस्त्यानं लेकाकडे बघत चालली, मधूनच हसत, मधूनच डोळे पुसत. गोकुळही आईकडेच बघत होता. मामांना यातलं फारसं दिसलं नाही. त्यांची मान मागे वळलेली होती आणि ती आता दुखायला लागली होती.

मांडवाच्या तोंडाशी नवरीचे चुलते कडुबा उभे होते. त्यांनी डिकीकडे पाहिलं, मग मामांकडे.

“पाव्हणं, आमच्याकडं नवरदेव तोंडाकडून येतो. तुमच्यात पाठीकडून येतो व्हय?”

अख्खा मांडव हसला. मामांचे कान तापले. “जाताना बघा म्हणावं,” ते गरजले. “नवरीला नाकासमोर घेऊन जाईन. नाय तर ही मिशी काढीन!”

मिशी साधी नव्हती. साहेबसुद्धा मामांशी बोलताना तिच्याकडे बघून बोलत. सारजाबाईनं कपाळाला हात लावला.

मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा कसेबसे भाच्याच्या मागे उभे राहिले. शेवटची अक्षता पडली आणि ते बॉनेटखाली गेले. गोकुळच्या पांढऱ्या उपरण्यावर दहा काळी बोटं मागे राहिली. पंगत बसली, उठली, दुसरी बसली. मामांनी आचाऱ्याकडून पाण्याच्या जाड पाइपाचा तुकडा मागून आणला, कापला, कानशीनं घासला, ग्रीस लावून जोडात बसवला. बसेना. पुन्हा घासला. बसला! सळई जागेवर आली. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. मामा उपाशीपोटी मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन, वळून, हॉर्न वाजवत परत आले आणि गाडी बरोब्बर नवरीच्या दारासमोर उभी केली. तोंडाकडून.

कडुबांनी कोपरापासून हात जोडले. मामांनी काळ्या हातानंच मिशीला पीळ दिला.

पाठवणीची वेळ झाली. पुढच्या सीटवर मामा, मधे गोकुळ आणि खिडकीशी नवरी, अपेक्षा. काचेपलीकडे दारात तिचे आईवडील उभे होते. आईनं पदर तोंडात धरला होता. दारापुढं मोकळी जागा होती. गाडी तिथं वळवायची आणि दिमाखात नाकासमोर निघायचं, एवढंच उरलं होतं. बाजूला कडुबा होते, त्यांच्यामागे मोबाइल धरून उभी असलेली पोरं होती. मामांनी ऐटीत दांड्याला हात घातला.

“मामा,” अपेक्षा हळूच म्हणाली, “गाडी वळवू नका ना.”

“आं?”

“सकाळी मी गच्चीवरून बघत होते. सासूबाईंना सगळ्या रस्त्यानं लेक दिसत होता. वळवली की माझी आईकडं पाठ होईल. मागं मागंच घ्या. कोपऱ्यापर्यंत मला आई दिसू द्या.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या त्या बाईकडे. मग कडुबांकडे. मामांना आठवलं, आपली पोरगी सासरी गेली, तेव्हा तिची नुसती पाठ दिसली होती.

त्यांनी दांडा ओढला. अगदी लोण्यासारखा रिव्हर्स पडला. गाडी हळूहळू मागे सरकू लागली, आणि दारातली आई हात हलवत थोडी पुढे आली.

मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

“कडुबा पाव्हणं, गिअर परत अडकला बघा! न्हाव्याला निरोप धाडा!”