अटी मान्य आहेत

"कलम अकरा," दुकानदार आमोदनं कॉम्प्युटरचा पडदा समोर बसलेल्या तिघींकडे वळवला. "पंचेचाळीस दिवसांत न नेलेली वस्तू नष्ट केली जाईल. नंतर रडू नये. आज अठ्ठेचाळिसावा दिवस आहे."

उत्कर्षा पडद्यावरचं कलम वाचत होती. शेजारी तिच्या सासूबाई, कौशल्याबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. हिंजवडीहून सदाशिव पेठेत यायला दोन तास लागले, आणि अख्ख्या वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "एकदा आवाज ऐकला म्हंजी झालं."

आवाज रंगनाथरावांचा, त्यांच्या नवऱ्याचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी बोलून भरलेली एक कॅसेट कपाटात सापडली, पण घरातला टेप त्यांच्यामागोमाग बंद पडलेला. मग उत्कर्षानंच जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून देणारं हे दुकान ऑनलाइन शोधलं आणि कॅसेट कुरिअरनं पाठवली. काम झाल्याची मेलही तिलाच आली होती. ती बघायची राहून गेली.

"औषधाच्या खोक्यातला कागद शेवटपर्यंत वाचणारी तू, वहिनी," नणंद तनुजा म्हणाली, "आणि हे कसं वाचलं नाहीस?"

"घाईत टिक केलं."

तनुजा आमोदकडे वळली. "टिक केलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही. न वाचता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. असली एकतर्फी अट ग्राहक आयोगात टिकायची नाही."

"आयोगानं टिक केलं नव्हतं. यांनी केलं."

"बाबांचं माझ्या वाट्याला एवढंच होतं हो," तनुजाचा आवाज खाली आला.

"जाऊ द्या ना, ताई," उत्कर्षा पुटपुटली. "मान्य केलं म्हणजे आपण बांधील. चूक माझीच आहे." मग तिनं आमोदला विचारलं, "म्हणजे... नष्ट केली? नक्की?"

"लिहिलंय तसंच."

"तसं लेखी द्याल?"

"घेच लेखी," तनुजा म्हणाली. "तक्रारीला उपयोगी पडेल."

आमोद कागद ओढून लिहू लागला. उत्कर्षा पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. तिला सासऱ्यांच्या खोलीचं लोटलेलं दार आठवलं. आत त्यांचं बोलणं आणि टेपची घरघर. चहाचा कप घेऊन ती दाराबाहेर उभी राहिली होती, चहावर साय धरेपर्यंत.

"कुणाचा आवाज होता, आजी?" आमोदनं मान वर न करता विचारलं.

"मालकांचा. लकव्यानं उजवा हात गेला व्हता, पर बोलणं शेवटपर्यंत खणखणीत." कौशल्याबाई थांबल्या. "ऱ्हाऊ द्या. तुमचा नियम हाय."

पेन थांबलं. आमोद उठला आणि त्यानं मागचं कपाट उघडलं. आत चिठ्ठ्या चिकटवलेल्या कॅसेटींच्या रांगा होत्या, काहींवर बोटभर धूळ.

"पुण्यात पाटी कडक लावावी लागते, आजी. नाहीतर लोक वर्षानुवर्षं माल उचलत नाहीत. पण कुणाच्या घरचा आवाज फेकायचा म्हणजे..." त्यानं एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "आजवर एकही फेकलेली नाही. तुमची कॉम्प्युटरवरही आहे."

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तनुजा हसली.

"घरी जाऊन निवांत ऐकू या," उत्कर्षा उभी राहिली. "आई दमल्यात."

"म्या न्हाई दमले. लावा, बाबा."

आमोदनं बटण दाबलं. थोडी खरखर झाली, मग खोलीभर तो खणखणीत आवाज उमटला.

"कौशल्या, तनुजाला बलीव आन् दोघी मिळून ऐका. काल उत्कर्षानं जमिनीच्या कागदावर माझा अंगठा घेतलाय. त्यात काय लिवलंय, ते मला कुणी वाचून दावलं न्हाई."