पैठणीचा जांभळा

“टाइल पूस आधी,” येसाजी म्हणाले. “तिच्यावर डाग असणार.”

मनालीने यंत्राची पांढरी टाइल मऊ कापडाने पुसली. रंग मोजण्याआधी हे यंत्र त्या टाइलकडे बघून पांढरं म्हणजे काय ते ठरवतं. मग ते छापलेल्या शेकडो रंगीत चौकटींवरून ओळीओळीने सरकवायचं. प्रिंटर कुठे आणि किती चुकतो, ते त्यावरून संगणकाला कळतं. दिसायला माउसपेक्षा जरा मोठं. पनवेलच्या एका छापखान्यातून मनालीने ते आठ दिवसांसाठी मागून आणलं होतं.

श्रीवर्धनच्या बाजारात येसाजींचा फोटो स्टुडिओ चौतीस वर्षं चालला होता. इतकी वर्षं रंग त्यांनी डोळ्यांनीच जमवला. मनाली त्यांची सून. नवरा जहाजावर, म्हणून दुकानात हे दोघंच. पण वर्षभरात फोटो निळसर यायला लागले होते. “प्रिंटर निळा खातो, म्हणून मी वाढवतो,” येसाजी म्हणत. गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नव्हती, गुपचूप म्हसळ्याला जाऊन छापून आणत होती. बोलल्या त्या एकट्या आवडाबाई. गेल्या महिन्यात त्यांनी नातीच्या लग्नाचा अल्बम काउंटरवर परत ठेवला होता.

“पोरीची पैठणी जांभळी हाय. तुमी निळी करून ठेवलीत.”

आता यंत्राच्या मोजमापाने तोच फोटो पुन्हा छापून निघाला होता, आणि येसाजींनी तो बाजूला सारला होता. “निळा पार मेलाय ह्यात. पैठणी तांबडी दिसते. यंत्र बिघडलंय.”

टाइल पुसून झाली. मनालीने सगळ्या ओळी पुन्हा मोजल्या. फोटो तसाच आला.

“मग शाई ओली राहिली असेल. इथली हवा दमट.”

तिने चौकटींचा कागद नव्याने छापला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पंख्याखाली वाळवला. दुसऱ्या दिवशी तिसरी ओळ यंत्र घेईना. सारखं पीं करून लाल दिवा दाखवी. मनालीने हात हळू केला तेव्हा घेतली. फोटो तसाच आला. येसाजींनी वायर बदलायला सांगितली, तिने बदलली. दारातून उन्हाची तिरीप येते म्हणाले, तिने पडदा ओढला. दर वेळी फोटो तसाच, दर वेळी येसाजींची मान नकारार्थी. एकदाही ती ‘पुरे आता, बाबा’ म्हणाली नाही. इतकं निमूटपणे ही का ऐकते, याचं येसाजींनाच जरा नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिने तो चौकटींचा कागद एसटीने पनवेलला पाठवला. तिथल्या छापखान्याकडे तसंच दुसरं एक यंत्र होतं. संध्याकाळी फोन आला. दोन्ही यंत्रांचे आकडे जुळत होते. यंत्र ठणठणीत होतं.

“मग त्यांची दोन्ही बिघडलीत,” येसाजी म्हणाले.

मनालीने आवडाबाईंना फोन लावला आणि पैठणी घेऊन दुकानात यायला सांगितलं.

सकाळच्या एसटीने आवडाबाई आल्या. जुन्या धोतरात गुंडाळलेली पैठणी त्यांनी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. येसाजींनी ती उलगडली. पदर बघितला, काठ बघितला.

“ही नव्हे, आवडाबाई. चुकून दुसरीच आणलीत. ती जांभळी होती.”

“हीच ती. जांभळीच हाय की!” आवडाबाई हसल्या. मग येसाजींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू मावळलं.

येसाजींनी यंत्राचा फोटो पैठणीशेजारी ठेवला. रंगाला रंग जुळत होता. मग स्वतः रंग जमवलेला अल्बममधला फोटो ठेवला. तो कशालाच जुळत नव्हता.

पैठणी घेऊन ते दारात उजेडाला गेले. त्यांनी उजवा डोळा झाकला. पैठणी थोडी जांभळी दिसली. डावा झाकला. पैठणी मातकट झाली. समोरच्या अंगणात सुपारी वाळत पडली होती. तिच्याकडेही त्यांनी असंच एकेका डोळ्याने बघितलं. मग पुन्हा पैठणीकडे.

आत येऊन त्यांनी पैठणीची घडी घातली. घडी अगदी नीट जुळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“अल्बम परवा मिळेल,” ते आवडाबाईंना म्हणाले. “रंग मनाली जमवील. मी हात लावणार नाय.”

आवडाबाई गेल्यावर ते पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसले.

“मोतीबिंदू असणार,” शेवटी येसाजी म्हणाले. “अलिबागच्या दवाखान्यात चौकशी कर. नंबर कधी मिळतो बघ.”

मनालीने खण उघडला आणि एक घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला. येसाजींनी तो लांब धरून वाचला. डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. वर त्यांचं नाव, येत्या गुरुवारची सकाळ, साडेदहा. खाली नाव नोंदवल्याची तारीख. तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हा दुकानात यंत्र आलेलंही नव्हतं.

“तुला आधीच ठाऊक होतं?”

“हो, बाबा.”

“मग हे यंत्र कशाला आणलंस?”

मनाली यंत्र त्याच्या डब्यात ठेवत होती. तिने वर बघितलं नाही.

“मी तुम्हाला कसं सांगणार होते?”